मेहुणा सुभेदार झाला

आमच्या सुभ्यात सुभेदारसाहेबाला 'साला' म्हणायचा हक्क फक्त मला होता आणि मी तो कधी वाया घालवला नाही. सुंदरराव माझा मेहुणा. माझी बायको भिवराबाई त्याची थोरली बहीण. ती गेल्या पौषात तापानं गेली. लोक मला विचारतात, चौसाळ्याचं पोरगं चार जिल्ह्यांचा धनी झालं कसं? ते सांगतो, आणि बहिणीच्या मयतीला तो कसा आला तेही सांगतो.

सुंदरराव चौसाळ्याच्या देशमुखांचा. आई लवकर गेली, म्हणून भिवरानंच त्याला कडेवर वागवला. लहानपणी तो अंगानं भोपळा होता. राखणीला पाठवला तर माळ्यावर झोपायचा आणि पाखरं पोट भरून गेली की उठायचा. बाप म्हणाला, ह्याला बसून खायचं काम पाहिजे, आणि असं काम फक्त सरकारात असतं. म्हणून त्याला अंबाजोगाईला एका मौलवीकडं फारसी-उर्दू शिकायला ठेवला. तिथून तो हैदराबादेला गेला आणि एका कचेरीत उमेदवार म्हणून लागला. उमेदवाराला पगार नसतो आणि कामही नसतं. साहेब येईल तेव्हा उभं राहायचं, जाईल तेव्हा वाकायचं. सुंदरराव साहेबाच्या हातातला रुमाल पडायच्या आधीच वाकायचा. कंबरेनं इतका लवचीक माणूस सरकारला दुसरा मिळाला नसता. तो पेशकार झाला, म्हणजे साहेबापुढं कागद ठेवणारा कारकून, मग तहसीलदार, मग तालुकदार, म्हणजे एका जिल्ह्याचा साहेब.

त्याची सगळी हुशारी एका गोष्टीत होती. त्यानं जन्मात कशाचा निकाल दिला नाही, त्यामुळं त्याचा निकाल कधी चुकला नाही. कागदांची मिसल समोर आली की तिच्यावर लिहायचा, 'मुनासिब कारवाई व्हावी.' म्हणजे जे योग्य ते करा. एका दुष्काळात गावांनी कडब्यासाठी अर्ज केले. ह्यानं सगळ्यांवर हेच लिहिलं. कागद खाली गेले, वर आले, पुन्हा खाली गेले, तोवर पाऊस पडला. गवत आलं. हैदराबादेहून शाबासकी आली की दुष्काळ चांगला हाताळला. त्यावर तो सुभेदार झाला आणि नावामागं 'राजा' लागलं. नांदूरघाटला आमच्या गोठ्यात मी ही बातमी भिवराला सांगितली. ती धार काढत होती. म्हणाली, "राजा झाला तर झाला, शेंबूड पुसाया शिकला का?"

पण तिला एक दुखणं होतं, ते मला माहीत होतं. तालुकदार झाल्यापासून तो भाऊबिजेला येत नव्हता. कचेरी, दौरा, साहेबलोकांची मेजवानी. तो चपराशाच्या हाती लुगडं पाठवायचा. धुळाजी नाव त्याचं. चौसाळ्याचाच, सुंदररावानंच नोकरीला लावलेला. उंच, हाडकुळा, तिरपा पट्टा आणि पट्ट्यावर पितळी बिल्ला.

पहिल्या वर्षी तो आला तेव्हा भिवरानं पाट मांडला होता, रांगोळी काढली होती, तबक लावलं होतं. धुळाजीनं लुगडं उंबऱ्यात ठेवलं आणि म्हणाला, साहेबाला काम निघालं. भिवरानं लुगडं उचललं. मला वाटलं, आता ती लुगडं उकिरड्यावर टाकते. ती म्हणाली, "पट्टा काढ आन् बस."

धुळाजी घाबरला. म्हणाला, "आक्का, मी चपराशी हाय."

"मला ठावं हाय तू कोन हायस. निरांजन लावलंय. ते इजवू का आता? बस."

तो बसला. पट्टा काढून त्यानं मांडीखाली घेतला, कारण तो कुठं ठेवावा ते त्याला कळेना. भिवरानं ओवाळलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते धुरानं आलं असं त्यानं दोनदा सांगितलं. पुढं दर वर्षी तोच आला. सरकारी कागदात ह्या खेपेला 'तपासकामी रवानगी' म्हणत. दोनतीन वर्षांत तो मला 'मालक' म्हणायचं सोडून 'दाजी' म्हणायला लागला. मलाही ते बरं वाटलं. एक साला सुभेदार असल्यावर दुसरा जरा उपयोगाचा असावा.

पौषात भिवराला ताप भरला. सहाव्या दिवशी पहाटे ती गेली. आम्हाला मूल राहिलं नव्हतं. घरात मी, माझी चुलती सुभद्राबाई आणि पुतण्या गहिनीनाथ. सुभद्राबाईनं बायका बोलावून आंघोळीचं पाणी तापवलं आणि मला अंगणात बोलावून सांगितलं की बाई अहेव गेली, नवऱ्याच्या आधी, तिला माहेरचं हिरवं लुगडं पाहिजे. त्याच्याबिगर तिला उठवता येणार नाही, आणि दिवस मावळायच्या आत तर न्यावीच लागेल. मी म्हणालो, दुकानातून आणतो. ती म्हणाली, "तू कोन रं तिचा? नवरा. नवऱ्याची लुगडी जल्मभर नेसली तिनं. जाताना माहेरचं लागतंय."

आता योग असा की सुंदररावाचा दौरा तेव्हा चौसाळ्यालाच होता. आपल्याच गावाबाहेर, तंबू ठोकून. मी गहिनीनाथला घोड्यावर पाठवला. दुपारपर्यंत दोघं येतील असा माझा हिशोब.

गहिनीनाथनं नंतर सांगितलं ते असं. तंबूपुढं पहारा होता. साहेबाचा दरबार चालू होता. ह्यानं पेशकाराला सांगितलं की साहेबाची बहीण वारली. पेशकारानं कानाला हात लावला. दौऱ्यावर असलेल्या साहेबाच्या कानावर असा अशुभ शब्द दरबारात घालायचा नाही, असा त्यांचा दस्तूर. त्यानं चिठ्ठीवर लिहून दिलं की नांदूरघाटला घरगुती निकडीचं बोलावणं आहे. साहेबानं चिठ्ठी वाचली आणि दरबार उरकून निघतो म्हणाला. मग पेशकारानं तहसीलदाराकडं स्वार पाठवला, 'सुभेदारसाहेब आज नांदूरघाटला येत आहेत, बंदोबस्त ठेवावा.' कशासाठी येत आहेत, ते लिहिलं नाही. तेही अशुभच.

तर दुपारी आमच्या दारात सुंदरराव न येता तहसीलदार आला. बरोबर शिपाई, केळीचे खुंट, आंब्याच्या डहाळ्या आणि ताशावाले. गल्लीत पाणी मारलं गेलं. आमच्या वाड्याच्या तोंडाशी दोन केळी उभ्या राहिल्या आणि वर तोरण चढायला लागलं. आत बायका रडत होत्या. तहसीलदार परका माणूस, हैदराबादेकडचा, नवाच बदलून आलेला. त्यानं मला बाजूला घेतलं आणि फार अदबीनं सांगितलं की दुःखाची गोष्ट आहे, पण सुभेदारसाहेबांच्या वाटेत मयत आडवी येणं बरं दिसत नाही. तेव्हा मागल्या बोळानं लवकर उरकून घ्यावं. लाकडं कमी पडली तर सरकारातून देतो.

मी त्याला म्हणालो, "सायेब, ज्याच्या वाटेत आडवी येती म्हणता, त्याची ती बहीन हाय. तो तिच्यासाठीच यायलाय."

त्याचा चेहरा उतरला तो पाहण्यासारखा होता. भिवरा असती तर तिनं पदर तोंडात घातला असता. त्यानं आरडाओरडा करून तोरण उतरवलं, केळी उपटल्या, ताशावाल्यांना दुःखाचं काही तरी वाजवा म्हणाला. त्यांना लग्नातलंच येत होतं. ते हळू वाजवायला लागले. सुभद्राबाईनं बाहेर येऊन त्यांना असं काही सांगितलं की ते ताशे उचलून पाराकडं गेले.

ऊन कलायला लागलं. गहिनीनाथ परत आला. म्हणाला, दरबार उठल्यावर मीच साहेबाला खरं सांगितलं; तो लुगडं घेऊन मोटारीतून निघाला, पण मोटार नदीच्या वाळूत रुतली आणि चाकरांनी बैल आणेपर्यंत तो आतच बसून आहे. उतरून चालत येणं सुभेदाराला शोभत नाही. मी अंगणात बसलो होतो. आत ती आंघोळ घालून निजवलेली, कपाळावर मळवट भरलेला, अंगावर नुसतं पांघरूण. जन्मभर तिनं भावाची वाट पाहिली, आता मेल्यावरही पाहत होती. मला सुंदररावाला शिव्या द्याव्याशा वाटल्या.

तेवढ्यात धुळाजी आला. चालत, चौसाळ्यापासून. पाय गुडघ्यापर्यंत धुळीनं पांढरे. गहिनीनाथचं बोलणं त्यानं तंबूबाहेर ऐकलं होतं. रजा मागितली नाही, पट्टा तिथल्या खुंटीला अडकवला आणि निघाला. काखेत हिरवं लुगडं होतं.

सुभद्राबाई लगबगीनं पुढं झाली. म्हणाली, "आलं बाई येकदाचं. सुंदररावानं धाडलं ना?"

'हो' म्हणाला असता तर सगळं मिटत होतं. दर वर्षी तो तसंच सांगत आला होता. भावकी उभी होती, तहसीलदार उभा होता. धुळाजीनं लुगडं दोन्ही हातांवर घेतलं आणि म्हणाला, "न्हाई. सायबाचं न्हाई. माझं हाय."

भावकीतला एकजण म्हणाला, असं कसं चालंल? उद्या लोक म्हणतील, सुभेदाराची बहीण चपराशाच्या लुगड्यात गेली. दुसरा म्हणाला, थोडं थांबू, मोटार निघंल. तहसीलदारानंही हात जोडले की साहेबांची वाट पाहणंच योग्य. मी उन्हाकडं पाहिलं. ते भिंतीवर वीतभर उरलं होतं.

मी सुभद्राबाईला म्हणालो, "काकू, तिनं इतकी वर्सं ओवाळलं कुनाला? तू तर व्हतीस पाटाजवळ."

म्हातारी माझ्याकडं पाहत राहिली. ती रीतीभातीची पक्की, उपासाला पाणीसुद्धा विचारून पिणारी. तिनं धुळाजीच्या हातातलं लुगडं घेतलं आणि आत गेली. भावकीनं तोंडं फिरवली, पण कुणी आडवं आलं नाही.

तिरडी बांधली. मी विस्तवाचं मडकं धरलं. पुढच्या एका दांड्याला धुळाजी लागला. तेव्हा गल्लीच्या तोंडाला बैल दिसले, बैलांमागं मोटार आणि मोटारीत सुंदरराव. शेरवानी, पगडी, गळ्यात उपरणं, मांडीवर घडी केलेलं जरीचं लुगडं. मोटार गल्लीत शिरेना, म्हणून शेवटी तो उतरला आणि चालत आला. फार वर्षांनी त्याला चालताना पाहिलं. जड झाला होता.

तो तिरडीजवळ आला आणि त्यानं हिरवं लुगडं पाहिलं. हातातलं पुढं केलं. सुभद्राबाई म्हणाली, "येकीला येकच म्हायेर असतं, राजेसायेब. लुगडंबी येकच." तहसीलदारानं धावत येऊन ते जरीचं लुगडं आपल्या हातात घेतलं आणि धुळाजीला दांड्यावरून हटायची खूण केली. धुळाजी हटायला लागला. आयुष्यभराची सवय.

सुंदरराव म्हणाला, "राहू द्या त्याला." मग माझ्याकडं न पाहता म्हणाला, "दाजी, मला खांदा द्यायचा आहे."

मी म्हणालो, "मागला दांडा घे."

त्यानं मागला दांडा घेतला. चपराशी पुढं, सुभेदार मागं, अशी ती गेली. सुंदररावाला पाऊल जुळवता येईना. तो दर थोड्या वेळानं अडखळायचा आणि पुढून धुळाजी न वळता म्हणायचा, "दमानं, सायेब, दमानं."

चिता पेटली. माणसं लांब जाऊन बसली. आम्ही तिघं एका दगडावर बसलो. पगडी काढून ठेवली तेव्हा सुंदररावाचं टक्कल दिसलं, आणि मला पहिल्यांदा वाटलं की हाही म्हातारा होतोय. मग त्यानं धुळाजीला विचारलं, भाऊबिजेला आक्का काय करायची?

धुळाजी म्हणाला, पुरणाच्या पोळ्या, येळवणीची आमटी, कुरडया.

"आणि बोलायची काय? माझ्याबद्दल?"

धुळाजी माझ्याकडं बघायला लागला. मी सुंदररावाला म्हणालो की आधी शिव्या द्यायची, मग वाढायची. सुंदरराव म्हणाला, "काय शिव्या?"

"जाऊ द्या, सायेब."

"सांग."

मी धुळाजीला म्हणालो, "सांग बे. दुसरं कोन सांगनार हाय आता?"

मग त्यानं सांगायला सुरुवात केली. खाली मान घालून, हळू आवाजात, साहेबापुढं कागद वाचावा तसं. म्हणायच्या, मेला कागद खाऊन फुगला. म्हणायच्या, कडेवर मुतत व्हता तवा बहीन लागत व्हती. म्हणायच्या, त्याला सांग, पुढल्या जल्मी मी तालुकदार हुईन आन् त्याला उंबऱ्यात ताटकळत ठिवीन. म्हणायच्या, लई दिस झाले, त्याचं तोंड कसं दिसतंय तेबी इसरले, तू सांग, जाड झालाय का.

सुंदरराव मध्ये एकदा हसला. मग त्यानं तोंडावर उपरणं घेतलं. धुळाजी थांबला, तर तो उपरण्यातूनच म्हणाला, "पुढं."

धुळाजी पुढचं सांगायला लागला. मीही ऐकत होतो, कारण काही काही मलाही नवीन होतं.