कप्तानाला खाडीत ढकलणाऱ्यास पत्र

शिवणखान्यात दुपारी मशीनं बंद ठेवून काजा-बटणांचं हातकाम चालायचं. त्या वेळी कुणीतरी कादंबरी मोठ्यानं वाचायची, हे खूळ इस्त्रीवालीनं काढलं आणि तिनं आणलेलं पुस्तक पाहून काजं करणाऱ्या वहिनीनं सुई बोटातच टोचून घेतली. कारण ती कादंबरी तिनंच लिहिलेली! भारदस्त पुरुषी टोपणनाव घेऊन, घरात कुणाला पत्ता लागू न देता. तलवारी, गलबतं, वेष बदलून पळालेली सरदारकन्या आणि तिच्यापायी खुळा झालेला कप्तान, असा सगळा तीनशे वर्षांपूर्वीचा धुमाकूळ.

तिनं मनाशी ठरवून टाकलं. शेजारी बसणाऱ्या वन्संना पुस्तक आवडलं तर दुसरा भाग पुरा करायचा, त्यांनी नाक मुरडलं तर कागद सरळ चुलीत. आता वन्संना काही आवडणं म्हणजे! नवरा गेल्यापासून चार वर्षांत त्यांनी साध्या चहालाही बरं म्हटलं नव्हतं.

पहिल्याच दिवशी त्या फणकारल्या, "घेरदार झग्यात तटावरून थेट घोड्यावर उडी? कमरेची शिवण उसवेल मेलीची!"

चौथ्या दिवशी कप्तानानं नायिकेचा हात धरला आणि इस्त्रीवाली लाजून थांबली. वन्सं खेकसल्या, "वाच की पुढं! हात अवघडेल त्याचा!" अख्खा शिवणखाना खो खो हसत सुटला. बटणवाल्या मावशींनी हसता हसता कॉलरचं बटण पाठीवर लावलं. वहिनीचे कान लालबुंद.

पंधराव्या दिवशी गोळी लागून कप्तान खाडीत पडला आणि पुस्तक संपलं. वन्सं ताडकन उठल्या. "हा काय चावटपणा? कागद घे गं, तुझं अक्षर बरं आहे. या लेखकाला मी सोडत नाही. लिही, मेल्या. नको, आधी लेखकमहाशय लिही. मग मेल्या."

वहिनी मान खाली घालून स्वतःलाच शिव्या लिहू लागली.

"लिही, माणूस बुडतोय आणि तुझी नायिका काठावर रडत काय बसते? उडी मार म्हणावं!"

हसून हसून बायकांची मुरकुंडी वळली. मग वन्संचा आवाज एकदम उतरला. "आणि असं लिही, की चार वर्षांत मला उद्याची वाट बघावीशी वाटली नव्हती. या पंधरा दिवसांत वाटली. आता तो मेला, तर मी उद्या कशाची वाट बघू?"

वहिनीच्या डोळ्यांतलं पाणी टपकन कागदावर पडलं. "वन्सं, तो मरत नाही."

"तुला गं काय ठाऊक?"

"ती उडी मारते. दुसऱ्या भागात. म्हणजे... अजून पुरा करायचाय मला."

इस्त्रीवालीनं आ वासला. वन्संनी वहिनीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, कागदाकडे पाहिलं, पुन्हा वहिनीकडे पाहिलं.

"अगं बये, मग इथं काय बसलीयेस?" त्या ओरडल्या आणि वहिनीच्या पुढ्यातला शर्टांचा ढीग त्यांनी आपल्याकडे ओढला. "तो तिकडे गटांगळ्या खातोय! ऊठ, घरी जाऊन लिहायला बस. तुझी काजं मी करते!"