बाळापूरचं घंगाळ

साधना पुण्याहून दिवाळीला अमरावतीला माहेरी गाडी घेऊन आली आणि भाऊबीज आटोपली तशी म्हणाली, "आई, दोन दिवस फिरून येऊ. मला जुनी पितळेची भांडी घ्यायची आहेत." पुण्यात आता त्याला अँटिक म्हणत होते. तिच्या सोसायटीत एकीने दारात घंगाळ ठेवलं होतं आणि त्यात पाणी भरून वर झेंडूची फुलं सोडली होती. साधनाला तसंच हवं होतं.

"ज्याच्यात आंगोळ करावं, त्याच्यात फुलं," साधनाचे वडील सूर्यभानजी म्हणाले. "मंग आंगोळ काय फुलदानीत करता का वो तुमी पुन्याचे लोक?"

तिची आई आशाबाई हसल्या, पण त्यांचं लक्ष जावयाच्या सोसायटीत नव्हतं. कुठून घ्यायचं, याचा विचार त्या तेव्हापासूनच करायला लागल्या होत्या. दोन हजार सहा साल होतं ते. दोन वर्षं वऱ्हाडात कापसाने कुणाला हात दिला नव्हता, आणि घराघरांतलं पितळ पोत्यात बांधून बाहेर पडत होतं. घ्यायला गेलं तर पाहिजे ते मिळालं असतं. अडचण निराळीच होती.

आपल्याकडे भांड्यावर नाव घालायची रीत. लग्नात मामाने घागर दिली, आत्याने परात दिली, तर देणाऱ्याचं आणि घेणारीचं नाव टिंबा-टिंबांनी त्यावर ठोकलेलं असायचं. पंगतीला भांडी गावभर फिरत, तेव्हा त्या नावामुळेच घरी परत येत. आता तीच नावं घेऊन भांडी दुकानात बसली होती.

मागच्या साली अमरावतीच्या कॅम्पातल्या एका मोठ्या घरी हळदीकुंकवाला आशाबाई गेल्या होत्या. दिवाणखान्यात पितळेच्या घागरीत शोभेचं झाड लावलेलं होतं. शेजारी बसलेल्या बाईने अत्तर लावून घेतलं, पानाचा विडा घेतला, आणि मग तिची नजर त्या घागरीवर गेली ती तिथेच राहिली. घागर तिचीच होती. नाव बाहेरच्या अंगाला, सगळ्यांना दिसेल असं. यजमानीणबाईंना काही ठाऊक नव्हतं, त्या हौसेने सगळ्यांना घागर दाखवत होत्या. ती बाई हसून "छान दिसते" म्हणाली आणि उठली. पायरी उतरताना तिने पदर सावरला, तो उगाचच. आशाबाईंना ते पुढे कित्येक दिवस आठवत राहिलं. आपल्या लेकीच्या घरी असं कुणाचं होऊ नये, एवढीच त्यांची काळजी होती.

दुपारी त्या सुपात मूग निवडत बसल्या होत्या. तिथेच त्यांनी प्रवास आखला. सुपाच्या कडेला एक मूग ठेवला, ही अमरावती. पुढचा बडनेरा.

"बडनेऱ्यात घ्याचं नाई. तिथं आपली निम्मी सोयरीक रेल्वेत हाय." त्यांनी तो मूग उचलून टाकला.

"नांदगाव खंडेश्वर?" साधनाने विचारलं. "तिकडे तर तुझं माहेर. तिकडचे लोक घरातूनच देतील."

"म्हनूनच नाई." नांदगावचाही मूग त्यांनी सुपाबाहेर टाकला.

मूर्तिजापूरला चहा प्यायचा, अकोल्याला जुन्या शहरातली दुकानं नुसती बघायची, कारण अकोल्यालाही नात्यातली दोन घरं होती. घ्यायचं ते बाळापूरला. बाळापुरात आशाबाईंच्या ओळखीचं कुत्रंही नव्हतं. तिथलं भांडं तिथल्याच कुणाचं असणार, आणि बाळापूरचा माणूस पुण्याला साधनाकडे चहाला येण्याचा काही संबंध नव्हता. सूर्यभानजींनी सुपात डोकावून पाहिलं आणि एवढे मूग कमी झाले तर खिचडीला पुरतील का, म्हणून विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघाले. साधना गाडी चालवत होती, आशाबाई तिच्या शेजारी, आणि मागे सूर्यभानजी चिवड्याचा डबा मांडीवर घेऊन. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कापूस फुटला होता, पण झाडं गुडघ्याएवढीच होती. वेचणाऱ्या बायांची ओटी लवकर भरत नव्हती. पूर्वी या दिवसांत या रस्त्याने गाडी पुढे काढता येत नसे, इतके कापसाचे छकडे जिनिंगकडे लागलेले असत, असं आशाबाई सांगत होत्या. आता रस्ता मोकळा होता आणि साधनाला गाडी पळवता येत होती. मूर्तिजापूरचा चहा गोडमिट्ट निघाला. अकोल्यात साधनाला एक अडकित्ता आवडला. तो आशाबाईंनी घेऊ दिला, कारण अडकित्त्यावर कुणी नाव घालत नाही.

बाळापूरला किल्ल्याच्या खालच्या अंगाला नबीभाईंचं दुकान होतं. नबीभाई पासष्टीचे, दाढी मेंदीने रंगवलेली, गळ्यात चष्म्याची दोरी. आधी त्यांचं कल्हईचं काम होतं. स्टीलची भांडी आली तशी कल्हई थांबली, आणि तेव्हापासून ते जुनं पितळ घेत-विकत होते. त्यांनी तिघांना बाकावर बसवलं, पाणी दिलं, आणि कुठले म्हणून विचारलं. अमरावतीचे म्हटल्यावर ते जरासे हसले. का हसले ते आशाबाईंना तेव्हा कळलं नाही.

दुकान आत खोल होतं. घागरी, पराती, पसरट कोपर, समया, पानाचे डबे. बऱ्याच भांड्यांवर नावाच्या जागी घासल्याचा पांढुरका पट्टा होता. काहींवर नाव तसंच होतं. आशाबाईंनी सवयीने एक घागर उजेडाकडे फिरवली आणि वाचली. धानोरा गुरव. दुसरी फिरवली. माहुली चोर. परातीवर पापळ. सगळी नांदगावकडची गावं. लहानपणी ज्या गावांच्या लग्नांना त्या बैलगाडीने गेल्या होत्या, ती गावं इथे एकावर एक रचून ठेवली होती.

"नबीभाई," त्या म्हणाल्या, "हे त आमच्याकडचं हाय. इकडं कसं आलं?"

"बाई, तिकडचे इकडंच येतेत," नबीभाई म्हणाले. "गावात इकलं त नाव वाचनारे भेटतेत. म्हनून दूर आनतेत."

"अन् बाळापूरवाले कुठं इकतेत?" सूर्यभानजींनी विचारलं.

"बाळापूरवाले? ते अमरावतीले जातेत, और कहाँ."

सूर्यभानजींना इतकं हसू आलं की चिवड्याचा डबा खाली ठेवावा लागला. आशाबाई हसल्या नाहीत. आपल्याला जे सुचलं तेच सगळ्यांना सुचलं होतं.

तेवढ्यात साधनाने आतून हाक मारली. तिला घंगाळ सापडलं होतं. रुंद काठाचं, दोन जाड कड्यांचं, बुडाला किंचित पोचा आलेलं. असं आता कुठे होत नाही. आशाबाई जवळ गेल्या आणि त्यांनी काठाखालचं नाव वाचलं. चि. सौ. कां. पार्वती हिस नांदगावच्या मावशीकडून सप्रेम भेट.

ती मावशी म्हणजे आशाबाईंची आई. पार्वताबाई त्यांची मावसबहीण, नांदगावला दिलेली, दोघी एका वयाच्या. घंगाळ घेतलं तेव्हा आशाबाई आईबरोबर दुकानात गेल्या होत्या आणि मलाही असंच पाहिजे म्हणून रस्ताभर रडल्या होत्या. पार्वताबाईंकडे जाऊन आता तीन वर्षं झाली होती. तिचा निरोप आला नाही आणि आशाबाईंनीही धाडला नाही.

"हे नको," आशाबाई म्हणाल्या. "बुडाले पोचा हाय."

"मला तेच आवडलंय."

"गळते ते."

नबीभाईंनी गळते हा शब्द ऐकला आणि त्यांना तो लागला. त्यांनी घंगाळात बादलीभर पाणी ओतलं. थेंब बाहेर आला नाही. साधना आईकडे बघत राहिली. मग आशाबाईंनी तिला बाजूला घेतलं आणि हलक्या आवाजात सांगितलं की हे पार्वतामावशीचं आहे. ती उद्या पुण्याला आली, आणि तिने दारात पाहिलं तर?

साधनाने घंगाळावरचा हात काढून घेतला.

नबीभाई चष्मा पुसत होते. दुकान अरुंद, हलकं बोलणंही ऐकू जायचं. ते म्हणाले, "बाई, मी हरेकाले इचारतो. नाव घासू का ठेवू? सारे म्हनतेत घास. मी त्यायच्यासमोरच घासतो, म्हंजे त्यायचा जीव निवांत. हे आननारी म्हातारी सोता आली होती, नातवाले घेऊन. मी कानस हातात घेतली त तिनं माहा हात धरला. म्हने, घासू नको. वळखीचं कोनी आलं अन् नाव वाचलं, त घरी नेईन. नाई त मोडीत जाईन."

आशाबाई बाकावर बसल्या. त्यांनी त्या हळदीकुंकवाच्या बाईचा चेहरा आठवला आणि पार्वतीचा आठवून पाहिला. दोघींना एकच लाज वाटेल असं त्या धरून चालल्या होत्या. सूर्यभानजी आता हसत नव्हते. ते म्हणाले, "सादनाची माय, तुई बहीन तुले इथं आवाज देऊन राहिली, अन् तू म्हनतं गळते."

भाव साधनानेच केला. घंगाळ मागच्या सीटवर सूर्यभानजींच्या शेजारी बसलं, कारण डिकीत मावेना.

अकोला, मूर्तिजापूर मागे गेलं. बडनेऱ्याच्या चौकात साधनाने गाडी हळू केली आणि कडेला थांबवली. सरळ गेलं की अमरावती, उजवीकडे नांदगाव.

"उजवीकडं घे," आशाबाई म्हणाल्या.

पार्वताबाई ओसरीत शेंगा सोलत होत्या. बारीक झाल्या होत्या, पण आवाज तोच खणखणीत. बहिणीला पाहून त्या उठल्या नाहीत, तीन वर्षांनी वाट सापडली का, असं विचारून शेंगाच सोलत राहिल्या. सुनेला चहा टाकायला मात्र लगेच सांगितलं. मग साधना आणि सूर्यभानजी दोघांनी मिळून घंगाळ ओसरीत आणून ठेवलं.

पार्वताबाईंचे हात थांबले. आत सून कपबशा काढत होती, त्यांचा आवाज येत होता.

"बाळापूरले गेली होती तू?"

"हो."

"मी एवढ्या दूर काहून नेलं, मालूम हाय? तुले दिसू नये म्हनून."

"मंग नाव काहून ठेवलं?"

पार्वताबाई पुढे झाल्या, घंगाळाच्या काठावरून हात फिरवला, आणि सूर्यभानजींनी मधेच सांगून टाकलं की सादनाच्या मायनं त तुमचं गावच सुपातून फेकलं होतं. मूग आणि सूप हे सगळं ऐकल्यावर पार्वताबाई इतक्या हसल्या की डोळ्यांना पदर लावावा लागला, आणि तो मग थोडा वेळ तिथेच राहिला.

आशाबाई म्हणाल्या, "ठेव तुहं तुह्यापाशी. आमी त्याच्यासाठीच आनलं."

"नाई. पैसे मी खर्चून बसली. परत घेतलं त मी तुमची मिंधी." त्यांनी साधनाला जवळ बोलावलं. "तू कुठं ठेवशीन हे?"

साधनाने दारात म्हणून सांगितलं. फुलांचं सांगताना ती जरा लाजली.

"दारात ठेव. पन नाव भिंतीकडं करू नको, बाहेर कर. मी येईन पाह्याले. मी आली म्हंजे फुलं काढ अन् गरम पानी ठेव, एवढ्या दूरून आल्यावर माहे पाय दुखतेत." मग त्या बहिणीकडे वळल्या. "अन् तू काय उभी हायेस? बस. शेंगा सोल."

आशाबाईंनी पदर खोचला, शेंगांचं टोपलं मधे ओढलं आणि बसल्या.