गाठीचा मान

माझी थोरली जाऊ हुसेनबी मरणार, हे शिरूरमध्ये सगळ्यांनी ठरवूनच टाकलं होतं. मुंबईला तिच्या छातीतली कॅन्सरची गाठ काढली, वर मशिनीखाली झोपवून शेक दिले. परत आली ती अर्धी होऊन. मग संध्याकाळचा ताप सुरू झाला, खोकला सुटला आणि जो तो मान हलवून म्हणू लागला, "गाठ फुप्फुसात उतरली."

आम्ही मणियार. केंदूर, कवठ्यापर्यंतच्या बायकांचे हात हातात धरून हुसेनबीनं बांगड्या भरलेल्या. त्यामुळे बाजारच्या दिवशी तिला भेटायला ही गर्दी! धडधाकट असताना एकेका बांगडीवरून भांडणाऱ्यासुद्धा उशाशी बसून डोळे पुसत. मरणाऱ्याची दुवा लागते, असं कुणीतरी बोललं आणि लेकरं तिच्या मांडीवर पडू लागली.

तिचा जीव अडकला होता तो मुलीत. अमीरबीचं लग्न दौंडला, रेल्वेतल्या मेहमूदभाईंच्या सुभानशी ठरलं होतं. कॅन्सरचं कळल्यावर ते मागं सरले नाहीत. उलट म्हणाले, "ईद झाली की उरकू. आईच्या डोळ्यांदेखत होऊ द्या." गाठीला असा मान होता.

माझा नवरा सिद्दीक तिला पुण्याला दाखवायला घेऊन गेला. मीही सोबत होते. डॉक्टरनं छातीचा फोटो काढला, थुंकी तपासली आणि हसला. "बाई, गाठ परत आलेली नाही. हा क्षय आहे." क्षय अंगात कधीचा दबून बसला असणार, तो म्हणाला. आजारानं आणि शेकानं ताकद गेली तसा उठला. कॅन्सरच्या माणसाला हे होतं, पण खोकला आला की सगळे गाठीवर ढकलतात आणि क्षयाचं औषध राहून जातं. "सुया आणि गोळ्या घ्या. दीड वर्षात बऱ्या व्हाल. तोवर लेकरं जवळ घेऊ नका."

सिद्दीक पेढे घ्यायला निघाला. हुसेनबीनं त्याची बाही धरली. "कुणाला सांगू नका. ईद होऊ द्या."

मी भडकले. "भाभी, जीव वाचला तुमचा! आन् तोंड लपवता?"

"खातून, गाठ कुणाला लागत न्हाई. क्षय लागतो. क्षयाच्या घरची पोरगी नेतील व्हय मेहमूदभाई?"

क्षयाच्या घरावरून जाताना मीसुद्धा नाकाला पदर लावलेला होता.

घरी सुया टोचायला येणारा कंपाउंडर आमच्यातला होता, त्याला खरं सांगितलं. बाकी गावासाठी सुया गाठीच्याच. पण पुढं सगळंच धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय असं झालं. बायकांना येऊ द्यावं तर त्यांना आजार लागायचा. येऊ नका म्हणावं तर "बिचारीला आता माणसंही नकोशी झाली" म्हणत दुप्पट यायच्या! ती भिंतीकडं तोंड करून पडायची. कुणी लेकरू पुढं केलं, की तिची मांडी दुखतीय सांगून मी ते उचलायची. माझा जीव नुसता गुदमरायचा. तिचं काय होत असेल?

एका बाजारला कवठे येमाईची रंगुबाई आली. तिच्या सुनेला, नकुशीला, लेकरू टिकत नव्हतं. ते यंदा टिकलं होतं. मी चुलीपाशी होते, मला उठायला उशीर झाला.

"घे गं, दुवा दे माझ्या नातवाला," रंगुबाई म्हणाली.

"नको रंगू. लांब घे त्याला."

"अगं, तुझा कसला इटाळ आता?" म्हणत तिनं पोर मांडीवर ठेवलंच.

हुसेनबीला खोकला आला. तिनं ओठ घट्ट मिटले, तोंड लाल झालं, डोळ्यांतून पाणी आलं. मग तोंड फिरवून ती ओरडली, "उचल त्याला! मला क्षय हाय. गाठ न्हाई, क्षय!"

रंगुबाईनं झडप घालून पोर उचललं. बायका भराभर उठल्या. कुणी शिवी दिली नाही. दारातून रंगुबाई एवढंच म्हणाली, "बोललीस ते बरं केलंस." मागं न बघता गेली.

बातमी एसटीच्या आधी दौंडला पोचली. मेहमूदभाई स्वतः आले, उंबऱ्याबाहेर उभे राहिले. पाणी नको म्हणाले. "हुसेनबी, आमच्या घरात ल्हान पोरं हैत," एवढंच बोलले आणि मान खाली घालून परत गेले. रागावण्यासारखं त्यांनी काही केलं नव्हतं, म्हणून मला जास्तच राग आला.

अमीरबी आतून आली आणि आईसमोर उभी राहिली. "अम्मा, गाठीनं मेली असतीस तर माझं लगीन झालं असतं."

थोबाडीत द्यायला माझा हात वर गेला होता. हुसेनबी म्हणाली, "व्हय." माझा हात खाली आला. पोरगी खोटं कुठं बोलत होती?

तेवढ्यात कंपाउंडर आला. हुसेनबीनं मुकाट्यानं दंड पुढं केला. सुई टोचता टोचता त्यानं नेहमीसारखा धीर दिला, "काळजी करू नका मावशी, तुमी नक्की बऱ्या होणार."

आणि हुसेनबी रडायला लागली.