माहेरचं नाव

पहिल्या भेटीत मी पेशंटच्या घरच्यांना बाहेर काढते. "मॅडम, ती बोलतच नाही, मी सांगतो ना," म्हणणारा नवरा तर सगळ्यात आधी. मग बाईला विचारते, माहेरचं नाव काय? आजाराचं नंतर. ही पद्धत मला कुठल्या प्रोफेसरानं शिकवली नाही. मूल गेल्यावर माझ्या जयमालाताईला रडू आवरेना, तेव्हा नवऱ्यानं तिला मनाच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरनं सगळं त्यालाच विचारलं, तिला अवाक्षर बोलू दिलं नाही. वेडी ठरवून नवऱ्यानं तिला पुणतांब्याला, आमच्या घरी आणून टाकलं. ताई अजून तिथंच आहे.

परवा भिंगारच्या माझ्या दवाखान्यात ताईचा तोच नवरा आला. नितीन. पोट सुटलंय, पण हसणं तेच. मी तेव्हा दोन वेण्यांची पोरगी, आता पाटीवर सासरचं आडनाव; त्याला कशाला ओळखू येतेय? सोबत दुसरी बायको. "हिचं डोकं फिरलंय. तसं लिहून द्या, म्हंजे सोडचिठ्ठीचं बघतो."

मेल्या, पुन्हा तेच? माझं डोकंच सणकलं. पण हसून त्याला बाहेर बसवलं.

"माहेरचं नाव?"

"रेश्मा," ती म्हणाली. "सासरी दिपाली. पहिलीचंच ठेवलं. सासूबाईंच्या तोंडात बसलं हुतं म्हनं."

दिपाली. माझ्या ताईचं लग्नात ठेवलेलं नाव. बायको बदलली, पण नवं नाव शोधायचाही यांना कंटाळा!

झोप, जेवण, भास, सगळं विचारलं. रेश्माचं डोकं अगदी ठिकाणावर होतं. दंडावर मात्र काळेनिळे वळ होते.

"त्याच्यासमोर सांगशील?"

"तुमी असाल तर सांगते."

त्याला आत बोलावलं, पेशंटच्या स्टुलावर बसवलं आणि रेश्माला विचारलं, "हे झोपतात का? पितात का? हात उचलतात?" ती एकेक सांगत गेली. त्यानं तोंड उघडलं की मी म्हणायचे, "तुम्ही गप्प बसा. घरच्यांना बोलू द्या." गडी घामाघूम झाला. मला लई बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

"आवो, मी वेडा न्हाई!" तो ओरडला.

"ती पण नाही. तसंच लिहिलंय, वळांसकट. कोर्टात साक्षीला मीच येणार."

"मी तुमचं काय घोडं मारलंय?"

मी सही केली, कागद रेश्माच्या हातात दिला आणि त्याच्याकडे वळले.

"ओळखलं नाहीत, दाजी?"