गोठ्यातल्या बाळाचं गाणं

डोरिसबाई शेजारून आल्या त्या रत्नाबाईंच्या स्वयंपाकघरात बसून हमसून हमसून रडायलाच लागल्या. रत्नाबाईंना रडणारं माणूस बघवत नाही. त्यांनी आधी चहा टाकला आणि मग मुलाला, ईश्वरला, हाक मारून त्यांच्या इंग्रजीतली भानगड समजावून घेतली.

अमेरिकेतल्या या बॉथेल गावच्या चौकात नाताळच्या झाडाखाली डोरिसबाई चाळीस वर्षं येशूजन्माचं गाणं म्हणत आल्या होत्या. यंदा तिथल्या नाताळ मेळाव्याच्या नव्या कमिटीने झाडाचं नाव ठेवलं ‘हिवाळी झाड’, आणि देवधर्माची गाणी बंद. बर्फाच्या माणसाचं गाणं तेवढं चालेल म्हणे! डोरिसबाईंचं वय ब्याऐंशी. पुढच्या नाताळाची खात्री कोणी द्यायची?

रत्नाबाई पेटल्या. बाई पक्क्या बौद्ध, पण जालन्याच्या मिशन शाळेत शिकलेल्या. ख्रिस्तजन्माची मराठी गाणी अजून तोंडपाठ.

“मी म्हणते गाणं. मराठी कुणाला कळतंय इथं?”

“आई, कमिटीच्या फॉर्ममध्ये गाण्याचं मीनिंग लिहावं लागतं. खोटं लिहिलं तर मी फसेन, यार!”

“खोटं कशाला? आहे तेच सांग.”

कमिटीची अध्यक्ष म्हणजे केली नावाची एक उत्साही पोरगी. तिच्यासमोर रत्नाबाई गाण्याचा अर्थ सांगत गेल्या, ईश्वर घाम पुसत इंग्रजी करत गेला. एक गरीब जोडपं असतं. बाईचे दिवस भरलेले. गावात उतरायला कुठे जागा मिळत नाही. शेवटी गोठ्यात बाळ जन्मतं. आकाशात मोठा तारा दिसतो, मेंढपाळ बाळाला बघायला येतात.

ईश्वरने डोळे घट्ट मिटले. आता हाकलणार!

“घरांची टंचाई!” केली भराभर लिहून घेत म्हणाली. “शिवाय जनावरं, गावाकडचं जगणं! किती गोड लोकगीत. नक्की म्हणा!”

मेळाव्याच्या दिवशी रत्नाबाईंनी नऊवारीवर मुलाचं जाडजूड जॅकेट चढवलं आणि टाळ वाजवत असा आवाज लावला की पार्किंगमधली कुत्रीसुद्धा गप्प झाली. डोरिसबाईंना शब्द एक कळला नाही, पण सगळं कळलं. त्या छातीवर हात ठेवून उभ्या होत्या, डोळ्यांना धार. रत्नाबाईंना इतकं भरून आलं की शेवटचं कडवं त्यांनी दोनदा म्हटलं.

टाळ्या थांबायच्या आत केली धावत आली. तिचेही डोळे ओले.

“मावशी, एवढंच सांगा,” ईश्वरने तिच्या प्रश्नाचं अडखळत मराठी केलं, “पुढे त्या बाळाचं काय झालं?”

रत्नाबाईंनी डोरिसबाईंकडे पाहिलं. डोरिसबाईंचं रडणं एकदम थांबलं होतं. त्यांनी केलीचा हात धरला, तिला बाकावर बसवलं आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.