बहिणीच्या सासरची बोली

तेक्लाने धुरावर सुकवलेला मासा केळीच्या पानावर ठेवला आणि ती मान खाली घालून बसली. समोरच्या व्हेरोनिकाने मासा उचलून हुंगला, बदल्यात साबूच्या पिठाचा एक गोळा पुढे सरकवला आणि शेजारणीला आपल्या रानबोलीत म्हणाली,

"या ठोंबीला लहानच दे गं. लहान-मोठं कुठं कळतंय तिला!"

शेजारीण फिसकन हसली. तेक्लाने गोळा टोपलीत टाकला, सुपारी चुन्यात बुडवून तोंडात धरली आणि चघळत राहिली. 'ठोंबी'साठी त्यांच्यात असलेला शब्द तिने आज पहिल्यांदा ऐकला होता. सुपारीबरोबर ती तोही चघळत होती.

सेपिक नदीच्या काठावरच्या बायका मासे घेऊन यायच्या आणि रानातल्या बायका साबू. देवघेव पिजिन या सगळ्यांच्या बाजारभाषेत चाले. पिजिन सगळ्यांनाच येई, म्हणून तिच्यात कुणी मनातलं बोलत नसे. मनातलं आपापल्या बोलीत, समोरचीला कळणार नाही या भरवशावर.

तेक्लाची थोरली बहीण अपोलोनिया रानातल्याच वोलिमाप गावी दिली होती. साबूच्या झाडाचा कुटलेला गाभा धुताना ओढ्यात पाय घसरला आणि बुडाली, असा निरोप काही वर्षांपूर्वी आला होता. पोटात मूल होतं. होडीतून आणलेल्या प्रेताला आंघोळ तेक्लाने घातली. केस धुताना मानेच्या वर, कवटीच्या मागे तिची बोटं एका खळग्यात गेली. तिने हात काढला नाही. खळगा केवढा, कसा, ते बोटांना पाठ होईपर्यंत ती तशीच बसली.

भाऊ लिनुस वोलिमापला जाऊन चौकशी करून आला.

"सगळ्यांशी बोललो," तो आईला म्हणाला. "त्यांच्याच बोलीत बोललो. म्हाताऱ्या रडत होत्या. पाय घसरला, दुसरं काही नाही."

"आणि डोकं?" तेक्लाने विचारलं.

"दगड लागला असेल. हे बघ, तुला त्यांचं एक अक्षर कळत नाही. मला कळतं."

ते खरंच होतं. लिनुसला सात बोली येत. कुठल्याही गावात थोडे दिवस राहिला की तिथल्या पोरींना त्यांच्याच शब्दांत हसवू शके. तेक्लाला पिजिनसुद्धा उशिरा आली. मिशनच्या शाळेत चुकलेल्या शब्दासाठी ती बाकावर उभी राहिलेली सगळ्या गावाने पाहिली होती.

"मग मी शिकते त्यांची बोली," ती म्हणाली.

लिनुस हसला. "भाषेला डोकं लागतं, बाई. तुझ्यापाशी नुसता हट्ट आहे."

त्या पावसाळ्याआधी लिनुसच्या होडीला नवं इंजिन लागलं. वेवाक शहरातल्या मित्राने दिलं, असं त्याने सांगितलं. सगळ्यांनी कौतुक केलं.

तेक्लाजवळ जे होतं त्याला हट्ट हा शब्द अपुरा होता. तिला सूड हवा होता. कुणावर, एवढंच अजून ठरायचं होतं.

गावाच्या टोकाला बोंगी आजी राहायची. वोलिमापची लेक, तरुणपणी लग्न होऊन नदीकाठी आलेली, आता एकटी. तेक्ला तिची लाकडं फोडू लागली, पाणी भरू लागली.

"माझी बोली कशाला हवी गं तुला?" आजीने विचारलं.

"त्यांनी शिव्या दिल्या तर कळाव्यात म्हणून."

"मग आधी शिव्याच शीक," आजी म्हणाली आणि मोठ्या चवीने सुरुवात केली.

आजीच्या तोंडात दात नव्हते. तिचे फसफसणारे शब्द तेक्लाने तसेच उचलले आणि बाजारात रानातल्या बायकांच्या तोंडून ऐकले तेव्हा ओळखलेच नाहीत. अर्धी बोली पुन्हा शिकावी लागली. आज पाठ केलेले शब्द पुढच्या बाजारापर्यंत निम्मे उरत. वल्ह्याच्या प्रत्येक फटक्याला ती एक शब्द म्हणे, आणि विसरली की स्वतःच्या मांडीत नखं रुतवी. 'पाणी' म्हणताना तिला ओढा दिसे. 'डोकं' म्हणताना बोटं आपोआप वाकत. कितीतरी पावसाळे असे गेले. बाजारात ती ठोंबीच राहिली. कुणी काही विचारलं तर पिजिनमध्ये, तेही अडखळत, उत्तर देई.

मग एक दिवस वोलिमापच्याच व्हेरोनिकाचं आणि अपोलोनियाच्या सासूचं भर बाजारात जुंपलं. कारण फडतूस होतं, एका माशाच्या वाट्याचं. पण व्हेरोनिकाचा आवाज चढला.

"तोंड वर करून बोलू नकोस! तुझ्या कास्परने गरोदर बायको दांडक्याने मारली, आणि निस्तरलं कुणी? आमच्या व्हॅनिलाच्या पैशांतून इंजिन घेतलं आणि तिच्या भावाच्या घशात घातलं!"

बाकीच्या बायकांनी चोरून नदीकाठच्या रांगेकडे पाहिलं. तेक्ला माशावरच्या माशा हाकलत होती.

घरी जाताना तिने ते वाक्य तुकड्या-तुकड्याने सोडवलं. कास्पर. दांडकं. इंजिन. एकाच शब्दाशी ती अडली. 'बाईचा भाऊ' आणि 'विणलेली झोळी' हे दोन शब्द आजीच्या तोंडी अगदी सारखे यायचे. झोळीच असावी, असं वल्हवताना तिला वाटलं. झोळीच असू दे. होडी बांधून ती थेट आजीकडे गेली आणि बाजारात ऐकला तसाच तो शब्द म्हणून दाखवला.

"भाऊ," आजी म्हणाली. "बाईचा सख्खा भाऊ. का गं?"

"काही नाही," तेक्ला म्हणाली. ती तिथेच उंबऱ्याशी बसली आणि आजीची सगळी लाकडं फोडून संपली तरी कुऱ्हाड तिच्या हातातून सुटेना.

"आजी," शेवटी तिने विचारलं, "माणूस मारला, तर त्याच्या जिवाची भरपाई म्हणून घरच्यांना जे देतात, त्याला तुमच्यात काय म्हणतात?"

आजीने तो शब्द सांगितला.

पुढच्याच महिन्यात वोलिमापची माणसं सोयरीक घेऊन आली. कास्परच्या धाकट्या भावासाठी त्यांना अगाथा हवी होती, तेक्लाची सगळ्यांत धाकटी बहीण. जुळवाजुळव लिनुसने केली होती. अंगणात चटया पसरल्या, पुरुष पुढे बसले, बायका मागे. अगाथा आईला चिकटून बसली होती. कास्परही आला होता. सुपारी चघळत मागे बसला होता.

कास्परचा म्हातारा चुलता उभा राहिला. त्याला पिजिन येत नव्हती. तो रानबोलीत बोलू लागला, आणि लिनुस गावाला त्याचा अर्थ सांगू लागला.

"म्हणतायत, आपण जुने सोयरे. अपोलोनियाची त्यांना फार आठवण येते. तिच्या जाण्याचं दुःख—"

"काका, थांबा," तेक्ला उठून रानबोलीत म्हणाली. "पुन्हा सांगा. सावकाश. मी जरा मंद आहे."

वोलिमापच्या बायकांपैकी एक जण तिच्या उच्चारांना खुदकन हसली आणि लगेच तिने तोंडावर हात धरला. कास्परचं चघळणं थांबलं.

"तेक्ला, खाली बस," लिनुस म्हणाला. "पाहुण्यांसमोर तमाशा नको."

"काय म्हणाली ती?" आईने विचारलं. "तुला येतं हे, तेक्ला?"

म्हाताऱ्याला मात्र बरं वाटलेलं दिसलं. नदीकाठची एक पोर आपल्या बोलीत बोलते आहे. शिवाय त्याच्या लेखी अपोलोनियाच्या प्रकरणात लपवण्यासारखं काही नव्हतं, ते केव्हाच मिटलं होतं. तो तिच्याकडे वळून सावकाश बोलू लागला. प्रत्येक वाक्याला थांबला. प्रत्येक वाक्याला तेक्ला गावाकडे तोंड करून बोलली.

"म्हणतायत, तुमच्या पहिल्या मुलीच्या वेळी आमच्या पोराचा हात सुटला.

"साबू कुटायचं दांडकं होतं हातात.

"म्हणतायत, तुमच्यापासून आम्ही लपवलं नाही. तिचा भाऊ आला, त्याच दिवशी सांगितलं.

"त्याला होडीचं इंजिन दिलं. ते दिलं ते..."

ती थांबली. तिने भावाकडे पाहिलं आणि म्हाताऱ्याचा तो शब्द जसाच्या तसा उच्चारला, इतका साफ की म्हातारासुद्धा मान डोलावून गेला.

"याचा अर्थ काय रे, दादा? तुला सात येतात."

लिनुसला काहीही सांगता आलं असतं. भेट म्हणता आलं असतं, मानपान म्हणता आलं असतं. आजी तिथे नव्हती, आणि तो शब्द कळणारं गावात दुसरं कुणी नव्हतं. त्याने तेक्लाच्या डोळ्यांत पाहिलं. मग मान खाली घालून तो काहीतरी पुटपुटला.

"मोठ्याने सांग," तेक्ला म्हणाली. "मागे आई बसलीय, तिला ऐकू आलं नाही."