जोडणीचा कागद

मेलेल्या मुलावर रोज रागावणारा बाप मी आमच्याच घरात पाहिला. रविकांत माझा धाकटा भाऊ. मालमोटारींच्या कारखान्यात काम शिकायला तो इंग्लंडला गेला होता. ट्रकच्या मागे जोडायचे लांबलचक ट्रेलर तिथे बनत. आमचे बाबा, गोपाळकृष्ण मास्तर, यांनी अकोल्याच्या शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवलं, आणि मुलानं वकील व्हावं हे त्यांच्या मनानं घेतलेलं. "ट्रक तर बाळापूर नाक्यावरही ठोकतात, त्याच्यासाठी एवढ्या दूर कशाला?" हे त्यांनी त्याला स्टेशनवर निरोप देतानाही ऐकवलं. रवी हसला. त्याला हसता यायचं, मला नाही. माझ्या नाकावर राग असतो, तो बाबांकडूनच आलाय.

चौसष्ट सालच्या हिवाळ्यात तिकडे बर्फावरून रवीची सायकल घसरली. तो डोक्यावर पडला आणि उठलाच नाही. घरी आली ती फक्त तार.

आमच्याकडे मरणाची बातमी आणणारा कागद घरात ठेवत नाहीत. वाचला की फाडायचा, मग ते पोस्टकार्ड असो की तार. बाबांनी तार वाचली, घडी घातली आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. काढली नाही, फाडली नाही. शेजारच्या माणिकबाई येता-जाता आईला विचारायच्या, "फाडली का वो तार? घरात अजून एक लेकरू हाय तुमचं." ते लेकरू म्हणजे मी, अमरावतीला मुलींच्या शाळेत शिकवणारी, तिशी गाठलेली. पण आईच्या जिवाला घोर लागला तो लागलाच.

उन्हाळ्याच्या तोंडावर रवीचं पार्सल आलं. अपघाताआधी त्यानं ते बोटीनं पाठवलं होतं, आणि बोट आपल्या चालीनं येत होती. बाबा तेव्हा वाचनालयात गेले होते. संध्याकाळी परतले तेव्हा माजघरात खोकं उघडं पडलेलं आणि आई भिंतीला टेकून बसलेली. झाकणावर ट्रेलर जोडलेल्या ट्रकचं रंगीत चित्र, आत राखाडी प्लास्टिकचे सुटे भाग: चाकं, दारं, नखाएवढ्या काचा. सगळं जोडलं की हातभर लांब ट्रक तयार व्हायचा. झाकणाच्या आतल्या बाजूला रवीनं पेन्सिलीनं लिहिलं होतं, "बाबा, मी इथे हेच करतो. सूचना आधी वाचा, मग जोडा. तुमचाच नियम."

नियम बाबांचाच होता. परीक्षेत घाईनं उत्तर लिहिणाऱ्या पोराचा पेपर ते हातातून काढून घेत आणि म्हणत, आधी सूचना वाच. रवी स्वतः त्यांच्या वर्गात होता, त्याचाही पेपर काढून घेतला होता. आणि आता या खोक्यात सूचनांचा कागदच नव्हता.

"वाचा म्हणते अन् घालायलेच विसरला," बाबा म्हणाले. "पोट्टा जन्माचा धांदरट."

त्या दिवसापासून हेच. मी दर रविवारी अकोल्याला जायची, तेव्हा बाबा दिवाणावर वर्तमानपत्र पसरून सुटे भाग मांडून बसलेले असत. अंदाजानं जोडा म्हटलं तर ऐकत नसत. सूचनांवाचून हात लावायचा नाही, म्हणजे नाही. मुलगा दिवसभर काय करत होता हे त्यांना एकदा डोळ्यांनी पाहायचं होतं. ते त्यांनी कबूल केलं नसतं, पण मला दिसत होतं. पाहता येईना म्हणून ते त्याला बोलत. "साधं काम धड केलं नाही त्यानं." जेवतानासुद्धा तेच. रडताना मी त्यांना एकदाही पाहिलं नाही.

एकदा माझा संयम सुटला. "गेलेल्या पोराला काय बोलता, बाबा!" मी ओरडले. आई पानावरून उठली आणि मागच्या अंगणात निघून गेली. मी मागोमाग गेले तर ती बंबापाशी उभी होती.

"तो विसरला नव्हता," आई म्हणाली. ती तेल्हाऱ्याकडची. बोलायला लागली की माहेरचीच भाषा येते. "कागद होता वं, बेबी. सगळ्याच्या वर होता, घडी घातलेला. वरून निरं इंग्रजी छापलेलं. मले वाटलं, कारखान्यानं त्याच्या मरणाचंच लिवलं असन. उलगडून पाहाची छाती झाली नाही. तार तर यायनं फाडू देली नाही. म्हटलं, हे तरी फाडावं. तुकडे केले अन् बंबात टाकले. मंग झाकण उलटं केलं त रवीचं अक्षर दिसलं. तवा बंबात हात घातला मीनं." तिनं हाताची बोटं पुढे केली. भाजल्याचा डाग अजून होता. तिनं तो पोळी भाजताना झाला असं सांगितलं होतं.

"मग बाबांना सांग ना."

"कशी सांगू? पोराची शेवटची वस्तू त्यायची, अन् मीनं जाळली." ती पदर तोंडावर धरून रडली. "रोज रवीले बोलतात, अन् मी आयकून घेतो."

मला आईचा राग आला नाही. माणिकबाईंचा आला, आणि बाबांच्या त्या कोटाचा आला. खिशात तार बाळगून हा माणूस सगळ्या घराला कसली शिक्षा देत होता?

अमरावतीला परतल्यावर मी कागदाच्या मागे लागले. खेळणी विकणाऱ्या महादेवरावांकडे खोक्यावरचं नाव लिहून नेलं. त्यांनी चावीच्या मोटारी दाखवल्या. मुंबईच्या एका दुकानाला लिहिलं, त्यांनी असला माल ठेवत नसल्याचं कळवलं. शेवटी खोक्याच्या कडेला छापलेल्या पत्त्यावर विलायतेला लिहिलं. उत्तर माझ्या शाळेच्या पत्त्यावर मागवलं, कारण परदेशी पाकीट दारात पाहून आईचं काय झालं असतं ते देव जाणे. पावसाळा सरला. मी आशा सोडली होती. दिवाळीची सुट्टी लागायच्या सुमारास पाकीट आलं. हा संच बनवणं आता बंद केलं आहे, पण आमच्या कपाटात एक कागद शिल्लक होता, तो पाठवत आहोत, एवढंच त्यात लिहिलं होतं. मी शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांसमोर रडले.

बडनेऱ्याहून गाडीत बसले तेव्हा काय बोलायचं ते ठरलेलं नव्हतं. मूर्तिजापूरला गाडी रेंगाळली, तिथे ठरलं. खोटं बोलायचं. रवीवरचा बोल जाईल, आईही सुटेल. कंपनी काही अकोल्याला येऊन विचारणार नव्हती.

घरात शिरल्या शिरल्या मी कागद बाबांच्या हातात ठेवला. "कंपनीनं पाठवलाय. त्यांच्याकडूनच खोक्यात घालायचा राहिला होता."

बाबांनी कागदावरचं नाव वाचलं. मग हळूच म्हणाले, "म्हणजे त्याची चूक नव्हती."

"नाही."

"त्याचीबी नव्हती, कंपनीचीबी नव्हती," आई स्वयंपाकघराच्या दारातून बोलली. मी तिला डोळ्यांनी खुणावलं, पण ती थांबायला तयार नव्हती. "बेबी माह्यासाठी खोटं बोलून राहिली. रवीनं कागद पाठवला होता. मीनं फाडला. मले वाटलं, मरणाचा कागद हाय."

बाबा तिच्याकडे वळले. आता भडका उडणार म्हणून मी मध्ये जाऊन उभी राहिले. बाबांनी मला हातानं बाजूला केलं. खुंटीवरचा कोट काढला आणि आतल्या खिशातून तार काढली. घड्या पडून पडून ती जुन्या धोतरासारखी मऊ झाली होती.

"फाडायचा कागद हा होता," ते आईला म्हणाले. "मी फाडला नाही, म्हणून तुला तो फाडावा लागला."

आणि मग बाबा रडले. खाली बसून, तोंड उघडं टाकून, लहान पोरासारखे रडले. आई त्यांच्याशेजारी जाऊन बसली. त्यांनी तार तिच्यापुढे धरली, तिनं नाही म्हणून मान हलवली. तिच्यानं होईना, त्यांच्यानंही होईना. शेवटी मीच ती घेतली आणि फाडली. फार आवाज झाला नाही.

दिवेलागणीला बाबांनी वर्तमानपत्र पसरलं, चष्मा पुसला आणि नवा कागद उलगडला. वर्गात वाचत तसं इंग्रजी मोठ्यानं वाचलं आणि आईसाठी मराठीत सांगितलं, "जोडणीला हात लावण्याआधी सगळ्या सूचना शेवटपर्यंत वाचा."

"रवीनं वाचल्या असतीन?" आईनं विचारलं.

"वाचल्या असतील," बाबा म्हणाले. "माझ्या वर्गात होता तो."